थुआनकाकांनी दिलेली तिथी

आमचे थुआनकाका एका जन्मात दोन साहेबांची कवायत शिकले. मिसरूड फुटत होतं तेव्हा डोक्यावर फ्रेंच टोपी आली, फ्रेंच गेले तसं अमेरिकन हेल्मेट आलं. दरवर्षी नवा सल्लागार यायचा आणि काका ज्या नदीत पोहायला शिकले तीच नदी त्यांना नकाशावर समजावून सांगायचा. काका मान डोलवायचे. तोफा साहेबाच्या, इंधन साहेबाचं, मरायला तेवढी माणसं आमची. एक सोय मात्र फार अंगवळणी पडली. कुणी जखमी झाला की त्याला मोकळ्या जागी ठेवायचं, रंगीत धूर सोडायचा, हेलिकॉप्टर येऊन उचलून न्यायचं. जखमी माणूस पाठीवर घेऊन चालायची सवयच आमच्या फौजेला राहिली नाही.

पंच्याहत्तर साली अमेरिकन निघून गेलेले, इंधन संपत आलेलं, आणि उत्तरेची फौज मागे लागल्यानं आमची डोंगरातली फौज किनाऱ्याकडे पळत सुटलेली. वाटेत काकांच्या तुकडीतल्या खिएमच्या मांडीत गोळी शिरली. खिएम आमच्याच गावचा, लाय मावशींचा एकुलता एक मुलगा. काकांनी त्याला झाडाखाली टेकवलं, धूर सोडला.

"पडून राहा. हेलिकॉप्टर येतंय."

"सार्जंट, खरंच येतंय?"

"मग काय, तुला न्यायला राष्ट्राध्यक्ष येणारेत?"

खिएम हसला. काका चालू लागले. हेलिकॉप्टर येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

किनाऱ्यावर त्यांनी वर्दी फेकली आणि कुणीतरी दिलेल्या ढगळ सदऱ्यात गावी पोचले. मावशी दारात उभ्याच होत्या. पोरगा आता नाही, हे त्यांनी काकांच्या तोंडावरूनच ठरवलं.

"कधी गेला? तेवढी तिथी सांग, बाबा. तिथीशिवाय श्राद्ध कसं घालू?"

काकांनी सांगून टाकलं, दुसऱ्या महिन्यातली अष्टमी. वर म्हणाले, मी माझ्या हातांनी पुरलं त्याला.

तेव्हापासून दरवर्षी त्या अष्टमीला मावशी बदकाची पेज आणि नारळपाण्यात आटवलेला मासा करायच्या. काकांना मानाच्या जागी बसवायच्या. "यानं माझ्या लेकराला माती दिली," असं प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. काका खाली मान घालून जेवायचे आणि नंतर केळीच्या बागेत जाऊन सगळं ओकायचे. मला वाटे, तांदळाची दारू बाधते. मी चिडवायचोसुद्धा.

वीस वर्षं अशीच गेली. मग एका अष्टमीला मावशींच्या जावयानं भर पंगतीत सांगितलं, "गाडी ठरवलीय. डोंगरात जाऊन खिएमची हाडं आणू. काका, जागा तुम्ही दाखवायची."

काकांनी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "जागा नाही," म्हणाले. "मी त्याला पुरलं नाही. जिवंत सोडून आलो." मग झाड, धूर, तो विनोद, सगळं सांगितलं. बोलताना मान एकदाही वर केली नाही. माझे सख्खे काका ते, पण शरमेनं मलाच तिथं बसवेना.

जावई शिव्या देत उठला. मावशींनी त्याला हातानंच थांबवलं.

"जिवंत होता?"

"हो, मावशी."

"बोलत होता?"

"हसला होता."

मावशी स्टुलावर चढल्या. देव्हाऱ्यातून खिएमचा फोटो काढून त्यांनी बाहीनं उदबत्तीची राख पुसली. "जित्या माणसाला पितरांत बसवलं होतंस रे मेल्या," एवढंच म्हणाल्या. काका मार खायच्या तयारीनं बसले होते. कुणी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी त्या अष्टमीला मावशींकडे चूल पेटली नाही. काका आमच्या ओसरीवर नुसते बसून होते. दुपारी मावशी काठी टेकत स्वतःच आल्या. चेहरा इतका टवटवीत मी कधी पाहिला नव्हता. काकांना तिकडे बघवेना.

"थुआन," त्या म्हणाल्या, "तो आता चाळिशीचा झाला असेल. जरा लंगडत असेल. मला धड दिसत नाही. बाजारात जातोस, तर लक्ष ठेवशील ना?"

"ठेवतो, मावशी," काका म्हणाले.