आरशासमोरचा टोप

माझी भाची ऋचा एका नटावर मनानेच गोष्टी रचते आणि मैत्रिणींना मोबाइलवर वाचायला देते. गोष्टींत त्याचे केस सदा वाऱ्यावर उडत असतात. जित्याजागत्या माणसाबद्दल असं काहीबाही लिहावं का, यावरून आमचं नेहमी वाजतं. परवा नाटक संपल्यावर आम्ही त्याला भेटायला रंगपटात गेलो. केसांचा टोप आरशासमोर काढून ठेवलेला. टकलावरून हात फिरवत तो मोकळं हसला, "या, बसा."

बाहेर आल्यावर मी डिवचलं, "आता काय लिहिशील?"

"केस उडतच राहतील, मावशी. ते मी रचलेत. हे मात्र त्यानं आपल्याला घरचं समजून दाखवलं."

कलावंत भरभरून देतो. त्यातलं उचलायचं किती, हे पोरीला माझ्याआधी कळलं. त्याच्या त्या हसण्याचे आभार मानायचा मला एकच मार्ग दिसतो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.