धाडच्या मुक्या चाकाकडे

पुणे सोडण्यापूर्वी मी सामान तीनदा तपासले: टेपरेकॉर्डर, बारा सेल, उकळलेल्या पाण्याच्या चार बाटल्या, साबण, सुईदोरा, क्लाईडसाहेबांची सॅक्सोफोनची पेटी आणि टेपचे एकच कोरे रीळ. बाकीची रिळे रूबीबाईंनी पुण्यातल्या नळांवर आणि सायकलच्या घंट्यांवर संपवली होती.

हे दोघे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत. साहेब सॅक्सोफोन वाजवतात, पण ओळखीची चाल लागली की थांबतात. बाई आवाज गोळा करून त्यांची गाणी जुळवतात. आमच्या संगीत मंडळाची चिटणीस या नात्याने मी त्यांना धाडजवळच्या वस्तीवरच्या गोदाबाई इंगळे यांच्या ओव्यांची टेप ऐकवली. ओव्या संपल्यावर रूबीबाईंनी विचारले, मागे वाजते ते वाद्य कोणते? ते विहिरीवरच्या मोटेचे करकरणारे लाकडी चाक होते. टेपच्या वेष्टनावर मीच त्याची नोंद 'व्यत्यय' अशी केली होती.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या आजोबांच्या विहिरीची कप्पी अशीच ओरडायची. त्या आवाजानेच त्या या कलेकडे वळल्या. पुढे ती विहीर बुजली आणि तसा आवाज त्यांना पुन्हा कुठे सापडला नव्हता. परतीच्या विमानाला आठवडा उरला होता. मी गोदाबाईंच्या मुलाला, रामभाऊंना, पत्र टाकले: पाहुणे खास तुमच्या चाकासाठी येत आहेत.

औरंगाबादहून धाडची एसटी धरली. बाजाराचा दिवस, त्यामुळे गाडीत माणसांइतक्याच कोंबड्या. कंडक्टरने पेटीत काय आहे विचारले, तेव्हा साहेबांनी सांगितले की त्यांची आई धोबीखान्यात कामाला होती आणि इस्त्रीच्या यंत्रातली वाफ ही त्यांची पहिली गुरू. मग त्यांनी ती वाफ सॅक्सोफोनवर वाजवून दाखवली. कोंबड्या गप्प झाल्या. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडले आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतले. वीस मिनिटे गेली. ती मी जेवणाच्या वेळेतून वळती केली.

वस्तीवर रामभाऊंनी आम्हाला झेंडूचे हार घातले. चाकालाही एक घातला होता. बैल धावेवरून (मोटेचे बैल चालतात त्या उतरणीवरून) खाली गेले, मोट भरून वर आली, पाणी पाटात पडले. चाकातून चकार आवाज नाही.

"तीन दिस एरंडीचं तेल पाजलं," रामभाऊ अभिमानाने म्हणाले. "आता मांजरीवानी फिरते."

पाहुणा येणार म्हटले की इकडे आधी गाडीच्या कण्याला तेल घालतात. घरचे काही कुरकुरताना पाहुण्याने ऐकणे ही शरमेची गोष्ट. पाहुणे ती कुरकुर ऐकायलाच आले आहेत, हे मी सांगितले तेव्हा रामभाऊंचा चेहरा उतरला.

"मंग आधी काऊन (का) नाई लिहिलं, बाई?"

खरे होते. मी पत्रात गाडीची वेळ लिहिली, पाहुण्यांचे पथ्य लिहिले, आवाजाचे तेवढे राहिले.

परतीची शेवटची गाडी पाचची. चाक उतरवून रॉकेलने पुसले, राखेने घासले, कण्यावर वाळू टाकली, तरी ते मुकेच. जमलेली माणसे मूळचा आवाज जाड होता की बारीक, यावर हमरीतुमरीवर आली. एका शेजाऱ्याने स्वतःचे चाक डोक्यावर वाहून आणले.

"हे त खोकलते बे," रामभाऊ म्हणाले. "याले दवाखान्यात ने."

भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी आली, पण रूबीबाई जेवल्या नाहीत. गावच्या पंपावर काळ्या लोकांना पाणी नव्हते, म्हणून आजोबांनी ती विहीर स्वतः खोदली होती, एवढेच त्या म्हणाल्या. मी मराठीत सांगितले. रामभाऊंनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"सांगा त्यायले," ते म्हणाले, "आमच्या बापानंबी हे विहीर त्याच्याच पायी (त्याच कारणाने) खंदली."

कोपऱ्यात गोदाबाई तूर निवडत होत्या. सगळे थकून बसल्यावर त्यांनी सूप खाली ठेवले. "चाक नाई बोलत, त मी बोलू का?"

त्यांना गाणे कोणी शिकवले नव्हते. लग्न होऊन आल्यापासून त्या याच धावेवर बैल हाकत. चाक जिथे सूर उचले, तिथून त्या ओवी उचलत. त्या विहिरीशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गळ्यातून लांबलचक, चिरका, वर चढत जाणारा करकराट निघाला. कोणी हाकले नसताना बैल धावेवरून खाली चालू लागले. रॉकेलने न्हालेले चाक मुकाट फिरत होते आणि म्हातारी त्याच्या वतीने ओरडत होती. साहेबांनी सॅक्सोफोनवर खालच्या सुरात हळूच वाफ सोडली. रूबीबाई टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ओल्या मातीत बसल्या होत्या, आणि रीळ संपून टेपचे टोक फटफटू लागले तरी त्यांचा हात बटणाकडे गेला नाही. बैलांनी तीन मोटा काढल्या.

पाचची गाडी आम्ही धावत पकडली. साबण आणि सुईदोऱ्याला हातही लागला नाही.

पुण्याला येऊन मी जुनी टेप काढली आणि वेष्टनावरचा 'व्यत्यय' खोडला. तिथे लिहिले: गायिका, गोदाबाई इंगळे, गुरू, विहिरीचे चाक. महिन्याभराने रामभाऊंचे कार्ड आले. चाक पुन्हा करकरू लागले आहे, पण माय म्हणते अजून सुरात नाही, आणि रोज सकाळी त्याच्यापुढे बसून ते नीट करून घेते आहे.