पोळ्याच्या दिवशीची भरती

अमावास्येला बाबा बैल जुंपत नसत. आमच्याकडे कुणीच जुंपत नाही. अकोटहून एसटीनं तासाभराच्या वाटेवरचं पूर्णेकाठचं आमचं गाव. तिथं अमावास्या म्हणजे शेतकऱ्याची हक्काची सुट्टी. माझं नेमकं उलट. मी तापीच्या मुखाशी नोकरीला. समुद्राचं पाणी किती चढलं आणि त्यात गाळ किती, हे मोजायचं माझं काम. अमावास्येला उधाणाची भरती, त्यामुळे त्या दिवशी जागचं हलायची सोय नाही. पोळाही अमावास्येलाच, तोही भर पावसाळ्यात, नदीला पूर आणि समुद्राला उधाण एकदम. पंचांग करणाऱ्याचं आम्हा बापलेकींशी काय वाकडं होतं, कोण जाणे.

सहा वर्षं मी घरी गेलेच नाही, ना पोळ्याला ना दिवाळीला; तीही अमावास्येचीच. पोळ्याच्या दिवशी बाबांचा फोन मात्र ठरलेला. मी होडीत, हातात पाण्याची बाटली, फोन खांद्याशी दाबलेला.

"आपली माती आली काय तिकडं?" ते विचारत.

पूर दरवर्षी आमच्या काठच्या वावराचा लचका तोडतो. पूर्णा तापीला मिळते, तेव्हा ती काळी माती लेकीकडेच जाणार, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी शहाणपणा केला. सांगितलं, बहुतेक माती वाटेतल्या धरणांतच बसते. इकडे गाळ पोचत नाही म्हणून तर समुद्र किनारा खात सुटलाय, आमचा मोजपट्टीचा खांबसुद्धा मागे आणावा लागला.

बाबा म्हणाले, "म्हणजे मातीबी पोचत नाही तुह्यापाशी."

मला जीभ चावावीशी वाटली. त्यानंतर त्यांनी मातीचं विचारणं सोडलं. बैलांचंच सांगत. शिंगांना कोणता रंग दिला, तोरणाखाली धाकटा बैल कसा बुजला, पुरणपोळी कशी एका घासात गेली. ऐकताना घरची इतकी आठवण यायची की पट्टीवरचा आकडा दोनदा वाचावा लागे.

यंदा तापीच्या मुखाशी आपोआप नोंद करणारं यंत्र बसलं आणि मला रजा मिळाली. कुणाला न कळवता निघाले. अकोल्यात दोन बैलांपुरते गोंडे घेतले आणि पोळ्याच्या सकाळी गावात उतरले.

गोठ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. दावण रिकामी, बाबा बाहेर खाटेवर.

"बैल कुठंयत?"

"तीन वर्षं झाले इकून," बाबा म्हणाले. "गुडघे चालत नाहीत माहे. ट्रॅक्टर लावतो आता."

मी चिडलेच. "मग फोनवर काय सांगत होते तुमी? शिंगं, रंग?"

"शेजाऱ्याचे पाहून सांगत होतो."

"पण काहून, बाबा?"

ते खाटेवर सरकले, मला बसायला जागा केली. "बैलच नाहीत म्हटलं असतं, तर पोळ्याले यावाचं तुह्या मनात तरी राह्यलं असतं काय, बाई?"

मी शेजारी बसले. मला यायचं होतं ते बैलांसाठी नव्हे, त्यांच्यासाठी; हे सहा वर्षांत त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.