मास्तरांच्या दमाची चाल

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती शर्टांना काजं करायची, म्हणून सगळे तिला काजताई म्हणत. एका शर्टाला सात काजं. हात कामात, कान मात्र कायम कटिंग मास्तरांकडे. मधल्या सुट्टीत मास्तर कापडाच्या गठ्ठ्यावर बसून माउथऑर्गन वाजवत. शिकवणी अशी कधी झालीच नाही; ताईनं ऐकून ऐकून सगळं उचललं. मास्तर वाजवताना डावा खांदा उडवत, तर हिचाही उडायचा.

मास्तर निवृत्त झाले आणि सुट्टीतलं वाजवणं तिच्याकडे आलं. परवा तर तिनं स्वतःची एक चाल बांधली. निदान तिला ती स्वतःची वाटत होती. इस्त्रीवाल्यानं दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, "ताई, माप मास्तरांचंच की! नुसतं कापड बदललंत."

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण ते बोलणं तिला लागलं. एवढ्या वर्षांत आपण स्वतःची म्हणून एकच गोष्ट केली, आणि तीही उसनी?

रविवारी तिनं तडक मास्तरांचं घर गाठलं.

"मास्तर, ऐका आणि खरं सांगा. चाल तुमची निघाली, तर पुन्हा माउथऑर्गन तोंडाला लावणार नाही."

"ऊठसूट शपथा कसल्या घेतेस? वाजव आधी."

तिनं वाजवलं. मास्तर हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. काकू पाणी घेऊन धावल्या.

"अगं, ओळीच्या मध्येच अशी काय थांबतेस?"

"तुम्ही थांबायचात ना! मला वाटलं, तीच तर गंमत."

"कसली गंमत! दम लागायचा मला. चाल सरळ पुढं जायची, मीच मागं राहायचो."

काजताईचा चेहरा पडला. अकरा वर्षं तिनं मास्तरांचा दमा इमानेइतबारे पाठ केला होता.

"म्हणजे तुमचीच," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी कपाटातून आपला माउथऑर्गन काढला, सदऱ्याला पुसला. "पुन्हा घे. मी साथ करतो."

पहिली अर्धी ओळ जमली. थांबा आला आणि मास्तर घाईनं पुढं शिरले. ती अजून थांबलेलीच. दुसऱ्यांदा ते उशिरा शिरले. तिसऱ्यांदा तिनं डोळ्यांनी खुणावलं, तरी चुकले. ती तिथं श्वास घेत नव्हतीच. पुढच्या सुराला जरा ताटकळत ठेवत होती. आणि मास्तर ज्या जागी वर चढत, तिथून ती मजेत खाली उतरत होती.

"माझी असती तर तीन-तीनदा आपटलो असतो का मी?" मास्तर खुशीत ओरडले. "मी थांबायचो नाइलाजानं, तू थांबतेस हौसेनं. तुझीच आहे ही, बाई!"

"चाळीस वर्षं तेच ते वाजवलंत," आतून काकू म्हणाल्या. "आता काही नवीन शिका की जरा!"

मास्तरांनी खरोखरच खुर्ची पुढं ओढली. "सावकाश घे हं. वय झालंय माझं."

"घेते. पण मी मान हलवल्याशिवाय फुंकायचं नाही," काजताईनं दटावलं.

"बरं, बाई," म्हणत मास्तर सरसावून बसले.