नसीमचं वाक्य

हे मी दत्तादादालाही सांगितलेलं नाही. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्याशी मी हातांनी बोलते. आणि माझे हात काही लपवायला लागले की त्याला लगेच कळतं – म्हणून तर त्याच्यासमोर हा विषय मी कधी काढला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी दुभाषी आहे. ऐकू न येणारी माणसं हातांनी बोलतात ते मी तोंडानं सांगते, आणि समोरच्याचं तोंडचं बोलणं हातांनी. आता तर हे काम शिकवते – मनोविकारांच्या दवाखान्यात बसून ते कसं करायचं, हे. माझ्या वर्गात एका दुभाषी बाईची गोष्ट मी दरवेळी सांगते. तिनं काय चूक केली, त्याचं पुढं काय झालं. मुली लिहायचं थांबवून ऐकतात. एकीनं एकदा विचारलं, त्या बाईंनी पुढे हे काम सोडलं का हो? मी म्हटलं, माहीत नाही. आणि फळा पुसायला वळले.

थांबा – असं मधूनच नको. दादापासून सुरू करायला हवं.

आमचं घर भाटघरचं. गावात दादाला 'येडा' म्हणत. वाईट मनानं म्हणत असंही नाही, नावच पडलं होतं. मी लहानपणापासून प्रत्येकाशी भांडायचे – येडा न्हाई त्यो, त्याला ऐकू येत न्हाई! दुकानदाराशी, एसटीच्या कंडक्टरशी, सख्ख्या मामाशीसुद्धा. सगळं बालपण त्या एका वाक्यात गेलं म्हणा ना. मोठेपणी लोकांनी मला दुभाषी केलं, पण आतून मी भावाची वकीलच राहिले. हे मला तेव्हा कळत होतं का? नाही. उलट त्याचा अभिमानच होता.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा पुण्यात आमचं प्रशिक्षण झालं. आमच्या बाई कडक होत्या. 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं – पेशंटचा आवाज म्हणजे तुम्ही. आणि एक गोष्ट त्यांनी घोकून घेतली होती. मनाचा आजार असलेल्या माणसाचे हात कधी कधी तुटक बोलतात, एकच खूण परत परत येते, मागचं पुढं होतं. ते तसंच सांगायचं. नीटनेटकं करायचं नाही. तुम्ही नीट केलंत तर डॉक्टरांना आजार दिसणारच नाही. मी हे उत्तम पाठ केलं होतं. परीक्षेत पहिली आले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भोरच्या दवाखान्यात, जिथे मी दुभाषी म्हणून जायचे, नसीम आली. महिन्यातून एकदा पुण्याहून मनोविकारांचे डॉक्टर यायचे, तिथे तिच्या आईनं, हमीदाबींनी, तिला आणलं होतं. राहायच्या नसरापूरला. वरव्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या. नसीम विशीची, पुण्याच्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकलेली, खुणांची भाषा उत्तम येणारी. आईला मात्र घरातल्या चार खुणा – ये, जेव, झोप, नको. लेक काय बोलते ते त्या माउलीला कधी पुरतं कळलंच नव्हतं. जमलेलं लग्न मोडल्यापासून पोरगी झोपत नव्हती, आईच्या हातचं खात नव्हती. का, ते विचारायला आल्या होत्या.

डॉक्टरांनी तेच विचारलं. मी हातांनी विचारलं. आणि नसीमचे हात बोलले – आई. तोंड आईचं. आई नाही. भाकरी, भिंत, भाकरी. आई गेली. ही कोण? तोंड आईचं, आई नाही.

मधेच हात हवेत थांबायचे. मग पुन्हा तेच.

मला कळलं नाही असं समजू नका. सगळं कळलं. बाईंनी शिकवलं होतं ते समोर बसलं होतं. पण दाराबाहेर रांगेतलं कुणीतरी हसून म्हणालं, "मुकी हाय, त्यात येडी." माझ्या डोक्यात तीच जुनी तिडीक गेली. म्हटलं, नाही. हिला मी वेडी म्हणवून घेणार नाही. आणि मी म्हणाले – 'मी' म्हणूनच म्हणाले, नियमाप्रमाणे –

"माझ्यामुळे आईचा चेहरा सुकलाय. तो मला बघवत नाही. म्हणून घास गिळवत नाही."

किती सुरेख वाक्य, नाही? पुढचे सगळे प्रश्नही मी असेच निभावले. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, मनाला लागलंय, प्रेमानं वागवा, पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा. हमीदाबी रडत होत्या, आनंदानं. लेकीचं अख्खं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात स्वतःच्या कपाळाला लावले.

डॉक्टर अजून आतच होते. मी परत जाऊ शकत होते, दार उघडंच होतं. मी स्टँडवर गेले आणि एसटीत बसले.

पुढचा महिना उजाडायच्या आत नसीम घरातून गेली. सकाळी आई कामावर असताना. हायवेवर साताऱ्याकडे जाणाऱ्या एका टेम्पोत ती चढली, असं कुणीतरी सांगितलं. त्यापुढे काही नाही. पोलीस झाले, फोटो वाटून झाले. मी हमीदाबींबरोबर सातारा, कराड, कोल्हापूर फिरले – दवाखाने, आश्रम, स्टँड. हाक मारून काय उपयोग होता? तिला ऐकू येणार नव्हतं, आणि स्वतःचं नाव तिला तोंडानं सांगता येणार नव्हतं. ती कुठे बसली असेल, कुणापुढे हात हलवत असेल, आणि तो माणूस काय समजत असेल – हा विचार आला की मी भाजी चिरता चिरता थांबते, अजूनही.

मी खरं सांगितलं असतं तर औषध सुरू झालं असतं. बरी झाली असती का? माहीत नाही. या 'माहीत नाही'च्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली. वर्गातली ती बाई मीच. मुलींना ती चूक सांगते, नाव सांगत नाही.

नसरापूरला गेले की हमीदाबी हटकून विचारायच्या, त्या दिवशी नसीम काय म्हणाली होती? मी ते वाक्य सांगायचे. शब्दन् शब्द तेच. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

मागल्या वर्षी त्या भाटघरला घरी आल्या. थकल्यात आता. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "ताई, पोर आली तर म्या तिच्याशी काय बोलू? मला तर काय बी येत न्हाई. तिचं त्येवढं वाक्य हातानं शिकवा. मला समजलं हुतं, एवढं तरी तिला कळंल."

तेव्हा सांगायला हवं होतं. घरात कुणी नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, हात पुढे करून.

मी शिकवलं. आई – चेहरा – बघवत नाही. लाटून लाटून त्यांची बोटं जाड झालीत, अंगठा नीट वळत नव्हता. मी माझ्या हातानं तो वळवून दिला. दुपारभर त्या घोकत बसल्या. निघताना दारात थांबून त्यांनी पूर्ण वाक्य एकदा करून दाखवलं आणि विचारलं, बरोबर हाय न्हवं?

मी म्हटलं, बरोबर आहे.