उलट बाजूची परीक्षा

आमचे मामा धर्मसंस्थेच्या कॉलेजात सामान्य शिक्षणाचा तास घ्यायचे. थोडा इतिहास, थोडं विज्ञान, थोडं साहित्य. विषय सक्तीचा, म्हणून पोरं नाकं मुरडत बसायची. "आम्हाला धर्मोपदेशक व्हायचंय, बेडकाशी काय घेणं?" असं कुणी म्हटलं की मामा हसायचे. "देवानंच केलाय ना? मग बघ की जरा, काय केलंय ते."

त्यांची तोंडी परीक्षा मात्र भल्याभल्यांना घाम फोडायची. आपली श्रद्धा जिथे सगळ्यात पक्की, तिथे आधी विरुद्ध बाजू मांडायची, मग आपली. विरुद्ध बाजू लेचीपेची वाटली की नापास. हल्लीचे प्राचार्य मामांचेच विद्यार्थी, मामीच्या हातचं खाऊन वाढलेले. 'प्रार्थना ऐकणारं कुणी नाही' हे त्यांनी परीक्षेत असं काही पटवून दिलं, की मामा तेव्हापासून त्यांना 'वकील' म्हणायचे. केवढं कौतुक होतं त्याचं घरात!

यंदा तोच विषय एका सुताराच्या मुलीला आला. ती विरुद्ध बाजू रंगात येऊन मांडत होती आणि नेमके तेव्हाच नवे विश्वस्त आत आले. ही पद्धत त्यांना ठाऊक नव्हती, आणि मामांनी सांगूनही पटेना. त्यांनी तिला तिथेच थांबवलं आणि तिला काढून टाकायला बैठक बोलावली.

मामा निर्धास्त होते. मामीला म्हणाले, "अगं, वकील आहे ना तिथे. एक वाक्य बोलला की मिटलं."

बैठकीत विश्वस्तांनी विचारलं, "अशी परीक्षा असते इथे?"

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "माझ्या तरी माहितीत नाही."

केसानं गळा कापला मेल्यानं! मुलीचं नाव त्याच दिवशी कमी झालं.

मामा प्राचार्यांच्या खोलीत गेले. "खोटं का बोललास?"

"सर, दोन्ही बाजू बघायला तुम्हीच शिकवलंत. एकीकडे ती मुलगी, दुसरीकडे माझी खुर्ची. बघितल्या."

मामा घरी आले तेव्हा ती मुलगी स्वयंपाकघरात मामीपाशी बसली होती. रडून डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. "सर, मी दुसऱ्या कॉलेजात जातेय. तिथे तुमचा विषय सक्तीचा नाही. घेऊ का?"

उभा जन्म त्या विषयात घालवलेला माणूस. पण त्यांच्या तोंडून साधं 'घे' निघेना.