केशरी नदी

आत्या गेल्याचा बाबांचा फोन आला, तेव्हा मी कोलकात्यातल्या सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात होतो. "झोपेतच गेली रे..." ते म्हणाले.

शैलाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जन्मली, वाढली कोलकात्यातच. डमडमच्या एका शाळेत तिने आयुष्यभर चित्रकला शिकवली. तिची निसर्गचित्रं इतकी हुबेहूब असत की पानन्पान मोजून घ्यावं. "अगदी फोटोच!" असं कुणी म्हटलं की ती हसायची, पण खूश दिसायची नाही. निवृत्त झाली आणि पक्षाघाताने तिचा उजवा हात-पाय गेला. रंगांची पेटी तिने माळ्यावर टाकायला लावली. सॉल्ट लेकच्या उपचार केंद्रात व्यायामोपचारासाठी मी तिला न्यायचो. एकदा परतताना टॅक्सीत ती अचानक म्हणाली, "पेटी खाली काढ. डावा हात जागा आहे माझा."

डाव्या हाताला पानं जमेनात. झाडांचे नुसते शंकू झाले, डोंगरांच्या कमानी, नदीचा एकच रुंद पट्टा. मग तिने सगळा जीव रंगात ओतला. आकाश हळदीसारखं पिवळं, झाडं जांभळी, नदी चक्क केशरी!

"आत्या, नदी केशरी कुठे असते गं?"

"लहानपणी आम्ही संध्याकाळी होडीतून गंगा ओलांडायचो. तेव्हा जो आनंद व्हायचा ना, तो या रंगाचा होता. पाण्याचा रंग कुणाला आठवतोय!" मग तिने काठाशी काळपट निळा ओढला. "हे माझं आजारपण. असू दे. त्याच्याशेजारी केशरी कसं पेटलंय बघ!"

ते चित्र तिने उपचार केंद्राला दिलं. तिथले व्यवस्थापक जरा चाचरले... पेशंटना शांत, फिकट रंग बरे, म्हणाले. "शांत पडून राहायला येतात का ते इथे?" आत्याने विचारलं. चित्र लागलं.

परवा तिची चाकांची खुर्ची केंद्राला द्यायला गेलो. चित्रासमोर एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांचं कोपर धरून व्यायाम करवून घेणारी मुलगी बंगालीत सांगत होती, "नदीपर्यंत... आता झाडापर्यंत... आणखी थोडं, काका..." हात थरथरत चढत गेला आणि बोटं पिवळ्या आकाशावर टेकली. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

"इथे आता हात किती वर गेला असं कुणी विचारत नाही," ती मुलगी मला म्हणाली. "विचारतात, आज आकाशाला लागला का?"